विद्येचे मोल : मिरज ते लाहोर

आपल्या मुलखापासून दूर जाऊन ज्या महाराष्ट्रीयांनी परप्रांतात नुसती उपजीविका न करता तेथे एखादी संस्था उभी केली, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांची महती गायक म्हणून आपण नेहमीच ऐकतो. परंतु गाण्यावर जगू पाहणाऱ्या माणसाने कोणाच्या मेहेरबानीवर जगावे, हा रोकडा प्रश्न त्यांनी कसा सोडविला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी तो करणे अनाठायी ठरू नये.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या स्फोटाने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट खुंटली. मिरजेस संस्थानाच्या आश्रयाने त्यांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायनाचे शिक्षण घेतले. हे बाळकृष्णबुवा म्हणजे विद्येसाठी उत्तरेकडे पायपीट करून, वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी मिळवून ती महाराष्ट्रात आणणारे तपस्वी. गुरूने उत्तरेतून विद्या आणली; शिष्य पुढे तीच विद्या देण्यासाठी उत्तरेस गेला.

त्या काळी गवयाची मिळकत बहुधा दरबारावर अवलंबून असे. दरबारात बिदागी मिळे, शालजोडी मिळे. परंतु मान मिळेच असे नाही. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांना आले आणि त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही; गवयांना कशाला बोलवायचे, असा त्यामागचा भाव होता, अशी हकीकत सांगितली जाते. ती शल्यासारखी त्यांच्या मनात राहिली. १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली.

बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज याचे कोणास नवल वाटणार नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आल्यापासून संगीत नाटकास तिकीट काढून जाण्याची सवय मराठी रसिकांना होतीच. परंतु ख्यालगायकाने दिवाणखान्यातून बाहेर पडून चार आण्यांच्या श्रोत्यासमोर बसावे, ही गोष्ट नवी होती. तिकीट काढणारा श्रोता आश्रयदाता नव्हे. तो पैसे देतो, गाणे ऐकतो आणि घरी जातो. गवयाने त्याला मुजरा करण्याचे कारण उरत नाही.

मात्र मैफलीच्या उत्पन्नास शाश्वती नसते. गळा बसला की मिळकत बसते. म्हणून बुवांनी दुसरी वाट धरली. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. गायनशाळा त्यापूर्वीही होत्या; बडोद्यास मौलाबक्षांची शाळा १८८६ पासून चालू होती. परंतु तिला राजाश्रय होता. लाहोरची शाळा चालली ती विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि बुवांच्या मैफली यांवर. भाषा परकी, चालीरीती निराळ्या, ओळखीपाळखी थोड्या. अशा शहरात एका अठ्ठावीस वर्षांच्या मराठी तरुणाने हे धाडस केले, हे परप्रांतात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना अधिक नेमके उमगेल.

शाळेस ठराविक वेळ, ठराविक अभ्यासक्रम आणि परीक्षा होत्या. पुस्तके हवीत म्हणून बुवांनी स्वरलेखनाची पद्धती सिद्ध केली आणि छापखाना काढला. 'संगीत बालप्रकाश'सारखी क्रमिक पुस्तके निघाली. वाद्यांच्या दुरुस्तीची सोय झाली. संगीत हा एकट्या गवयाचा धंदा न राहता शिक्षक, लेखक, मुद्रक आणि कारागीर यांचे पोट भरणारा व्यवसाय होऊ शकतो, हे यातून प्रथमच दिसले. गवयाच्या घरी जाण्यास जी मुले बिचकत, ती शाळेत मात्र निःशंकपणे जाऊ लागली.

१९०८ साली बुवांनी मुंबईत विद्यालय सुरू केले. पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची वास्तू झाली. ती कर्ज काढून. शिवाय 'उपदेशक वर्गा'तील शिष्य नऊ वर्षे बुवांच्याच आश्रयास राहत. त्यांच्याकडून फी नसे, जेवणखाण संस्थेचे. एका बाजूस फी देणारी शाळा आणि दुसऱ्या बाजूस गुरुकुल, हा मेळ हिशेबाच्या वहीत बसेना. व्याज वाढले आणि १९२४ साली त्या वास्तूचा लिलाव झाला. बुवांनी नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात उत्तरायुष्य घालविले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस देह ठेवला.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर हा कारभार फसला असेच कोणीही म्हणेल. परंतु ज्या खर्चाने इमारत गेली, त्याच खर्चाने माणसे तयार झाली. ओंकारनाथ ठाकूर पुढे काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले, नारायणराव खरे साबरमती आश्रमात गेले, विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले, बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा चालविली. बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि त्याच्या परीक्षांना आजही देशभर विद्यार्थी बसतात.

अशा शाळांतून मोठे गवई निपजत नाहीत, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. तो अगदीच निराधार नाही. वर्गातील तासाने तालमीची जागा भरून निघत नाही आणि स्वरलिपीत गाण्याचा सांगाडा मावला तरी प्राण मावत नाही. बुवांनी स्वतः गुरुकुल चालविले, ते ही उणीव ओळखूनच. परंतु थोर गवयासही ऐकणारा आणि त्याचे मोल देणारा समाज लागतो. तो समाज शाळांनी घडविला.

१९४७ साली लाहोर परदेशात गेले. परंतु परप्रांतातल्या एखाद्या गावी संध्याकाळी कुठल्याशा खोलीत तंबोरा जुळतो, आपली मुले फी भरून शिकतात आणि शिकविणारे गुरुजी ती फी संकोच न करता घेतात, तेव्हा त्या रिवाजामागे मिरजेहून निघालेल्या एका अधू डोळ्यांच्या तरुणाची मिळकत आणि त्याचे कर्ज, दोन्ही उभी असतात. त्या गुरुजींची फी वेळेवर पोचती करणे, हेही त्या कर्जाचे थोडेसे उतराई होणेच आहे.