मानमोडीने कोणाला गाठले?

१९१८ साली आटपाडी औंध संस्थानात होती. त्या वर्षी पावसाने दगा दिला. माणदेशाला दुष्काळ नवा नाही. पण याच वर्षी इलाखाभर मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, पसरली. जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट सौम्य होती, सप्टेंबरातली दुसरी मात्र भयंकर ठरली.

मुंबईचे आकडे पाहू. ‘खालच्या’ मानलेल्या जातींत दर हजारी सुमारे ६२ माणसे दगावली. इतर हिंदूंत १९, युरोपियनांत ८. विषाणू तर जात विचारत नाही! मग हा फरक कशामुळे? दाटीची घरे, अर्धपोटी शरीर आणि घरातले सगळेच आजारी असताना पाणी द्यायलाही कोणी नाही, हे त्याचे उत्तर. बरेच मृत्यू विषाणूमागून फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. त्यावर तेव्हा प्रतिजैविके नव्हती.

पण गरिबीने सारे उलगडत नाही. २० ते ४० वयाची धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने गेली. वृद्धांना बालपणी तशाच विषाणूची ओळख झाली असावी, तर तरुणांची प्रतिकारशक्तीच बेफाम होऊन फुप्फुसांवर उलटली असावी, असे शास्त्रज्ञांना वाटते. २०२० मध्ये कोव्हिडच्या काही गंभीर रुग्णांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली.

म्हणजे आजाराची तीव्रता विषाणू, शरीर आणि समाज मिळून ठरवतात. पहिले दोन आपल्या हाती फारसे नाहीत. तिसऱ्याचे काय, हे वर्गात जरूर विचारू या.