नागपूरला नेलेली माणसं

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथ ज्यांना अवतार मानतो, त्या पाच कृष्णांपैकी ते एक. म्हाइंभटांनी लिहून ठेवलेल्या त्यांच्या लीळांमध्ये लोक त्यांना वेडंही म्हणतात आणि मायबापही. ते कुणाच्याही घरात शिरतात, हवं ते खायला मागतात, मध्येच हसतात, मध्येच रागावतात. गाव त्यांना जेवू घालतं. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी वऱ्हाडासाठी ही नोंद मोलाची आहे. जगावेगळं वागणाऱ्या माणसाला इथं गावात जागा होती.

पुढे ती जागा गावापासून दूर गेली. १८६४ मध्ये नागपुरात वेड्यांचं इस्पितळ सुरू झालं. तीन वर्षांनी मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १९०३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि अमरावती-अकोल्याचे सरकारी रस्तेही नागपूरकडे वळले. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यानं माणूस आत जायचा तो बहुतांशी मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं. त्याला स्वतःला काय वाटतं, हा प्रश्नच नव्हता.

आजही विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणजे नागपूरचं तेच इस्पितळ आहे. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. मजुरी बुडवून भेटीला जाणाऱ्या माणसासाठी हे अंतर फार मोठं. औषधानं आजार आटोक्यात येतो. पण स्वतःचं शेत, स्वतःचं ताट, घरातल्या निर्णयात आपला शब्द हे परत मिळालं नाही, तर त्याला सावरणं कसं म्हणायचं?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं हे मान्य केलं. घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. तरी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावं लागलं, की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात धाडू नका. नागपुरात २०१६ पासून राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्सनी ‘उडान’ प्रकल्पातून रुग्णालय माणसांना राहण्याजोगं करायचं काम हाती घेतलं.

उपचारच माणसाच्या घरापर्यंत नेण्याचा, म्हणजे उलट दिशेचा प्रयत्न वऱ्हाडातच झाला. ‘विश्राम’ प्रकल्पात गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी गेले, समुपदेशक जवळ आले, गरज पडली तरच मनोविकारतज्ज्ञ. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांच्या या पट्ट्यात हा आकडा फार बोलका आहे.

तुमच्या घरातलं, भावकीतलं कुणी पूर्वी ‘नागपूरला नेलेलं’ असेल, तर थोरल्यांना त्याचं नाव विचारा. तो हयात असेल, तर भेटीला जा.