डॉक्टरी विद्येचा जमाखर्च आणि परभणीकडील कागद

परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ सालीं सुरू झालें. डॉक्टरी शिकण्यांत घातलेला पैसा व वर्षें पुढें भरून येतात कीं नाहीं, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांसही परका नाहीं. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादची वैद्यकशाळा १८४६ सालीं निघाली व प्रथम तींत उर्दूंतून शिकवीत. औरंगाबादेस महाविद्यालय होण्यास १९५६ साल उजाडलें. तोंपर्यंत परभणीच्या विद्यार्थ्यास घर सोडून दूर राहण्याचा खर्चही विद्येच्या खर्चांतच धरावा लागे.

जमेची बाजू पाहण्यास मुंबईचा दाखला घेऊं. डॉ. भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टन संस्थेंत शिक्षक होते. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, तेव्हां हातची नोकरी टाकून ते पुन्हां विद्यार्थी झाले आणि १८५१ सालीं पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झाले. धंदा नांवारूपास आला. गरिबांस फुकट औषध देऊनही द्रव्य सांठलें. तें १८६५ सालीं शेअरांच्या सट्ट्यांत बुडालें. एवढ्यावरून विद्या तोट्यांत गेली असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. बुडालें तें भांडवल. रोगी येतच राहिले. भगवानलाल इंद्रजींस त्यांनीं पदरीं ठेवून शिलालेखांच्या शोधार्थ देशभर हिंडविलें, आणि नेपाळापर्यंतचा प्रवास तर सट्ट्यानंतरचा आहे. निजामाच्या मुलखांतील अजिंठ्याच्या लेखांचें भाऊ दाजींनीं केलेलें वाचनही ह्याच मिळकतीवर उभें राहिलें. त्यांचीं हस्तलिखितें मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहेत. रोग्यांकडून आलेले रुपये असे आपल्या शास्त्राच्या जमेस पडले. (हा अर्थात् अपवाद, इतरांनीं घरें बांधलीं, त्यांत गैर कांहीं नाहीं.)

परभणी, पाथरी, गंगाखेड ह्या बाजूस वैद्यघराण्यांतून पोथ्या मिळविणाऱ्या संग्राहकांस आमची एक विनंती आहे. वेष्टनांत हिशेबाची वही, इनामाचा कागद किंवा धान्यरूपानें आलेल्या मोबदल्याचें टांचण आढळल्यास तें रद्दी समजून टाकूं नये. ‘अष्टांगहृदया’च्या प्रती पुष्कळ आहेत, वैद्याचें वर्षाचें उत्पन्न सांगणारी वही दुर्मिळ. आंकडे उतरतांना नाणें अवश्य टिपावें. विसाव्या शतकांत हाली सिक्क्याचे ७ रुपये म्हणजे सुमारें ६ कलदार होत. हा फरक सोडल्यास परभणीचा वैद्य मुंबईच्या डॉक्टराशेजारीं उगाच श्रीमंत दिसूं लागतो.