माळ घातली, पुढं काय?

दिंडीच्या शंभर वर्षांच्या वह्या चाळल्या. विणेकरी कोण होते, तळ कुठं पडायचा, भिशी किती जमली, सगळं सापडतं. दारू सोडायला म्हणून वारीत आलेल्या माणसांची नोंद मात्र कुठंच नाही. म्हणून जुन्या माळकऱ्यांकडून ऐकलेलं आणि आमच्या डोळ्यांदेखत घडलेलं इथं लिहून ठेवतो.

माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य, हा नेम लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळं आया-बाया नवऱ्याला, पोराला धरून दिंडीत आणायच्या. "माउली, याच्या गळ्यात माळ घाला, सुटंल याची." १९४९ च्या कायद्यानं तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदी आली, पण हातभट्ट्या चालूच राहिल्या, आणि या बायांचं येणंही थांबलं नाही. आम्ही माळ घालायचो. आमचं काम तिथं संपलं, असं आम्हाला वाटायचं.

एका वर्षी रोज पिणारा एक गडी असाच आळंदीला आला. प्रस्थानाला माळ घातली. पुण्यात पोचेतो त्याचे हात कापायला लागले, अंगाला दरदरून घाम. आम्ही म्हटलं, चालायची सवय नाही. दुसऱ्या मुक्कामी आकडी आली, आणि रात्री नसलेली माणसं दिसू लागली. दवाखान्यात नेला म्हणून वाचला. डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच सुनावलं. रोजचा पिणारा एकदम थांबला तर पहिले चार-पाच दिवस जिवावर बेतू शकतं, त्या दिवसांत औषध आणि डॉक्टरांची नजर लागते. हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

दुसऱ्याची गोष्ट सांगायला जड जातं. त्यानं वारी पुरी केली, दसऱ्यापर्यंत थेंब घेतला नाही. मग घसरला. आम्ही त्याला देवळात बोलावून चारचौघांत माळ उतरवली. नेमाला धरूनच केलं. पुढल्या आषाढीला तो आला नाही. तिसऱ्या वर्षी दिंडी त्याच्या गावी थांबली, तेव्हा बायको एकटीच दर्शनाला आली. कपाळ मोकळं होतं.

१९८६ साली पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचा त्याला हातभार होता. पुढं आपल्या भागातली काही माणसं अशा ठिकाणी उपचार घेऊन आली आणि आम्हाला शिकवू लागली. व्यसन हा आजार आहे. घसरणं म्हणजे सगळं संपलं असं नाही. आणि जन्माची शपथ पेलत नाही, तिथं आजचा एक दिवस पेलतो.

तेव्हापासून रीत बदलली. नवा माणूस आला की आधी रोज किती घेतो ते विचारतो, डॉक्टरांना दाखवतो, मग चालायला घेतो. सोबतीला स्वतः दारू सोडलेला जोडीदार देतो. टाळ एकाच ओळीत, झोपायची राहुटी एकच. हरिपाठानंतर जेवणाची पंगत बसेतो वेळ वाईट, प्यायची सवय त्याच घटकेची. म्हणून त्याला वाढपात घालतो. पैशाची पिशवी काही दिवस जोडीदाराकडं. (तंबाखूची चंची घेऊन दुसऱ्याला उपदेश करणारे टाळकरी आपल्यात आहेत. त्यांच्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.)

खरं अवघड असतं काल्यानंतर. वाटेवर रोज माणसांत असतो, गावी परतला की पारावर जुनी मंडळी वाटच बघत बसलेली. म्हणून आषाढी ते कार्तिकी दर एकादशीला जोडीदार त्याच्या घरी जातो. चहा घेतो, घरच्या बाईशीही बोलतो. तीही थकलेली असते. कुणी घसरला तर जोडीदार दुसऱ्या दिवशी सकाळीच जातो. माळ उतरवत नाही.

त्या गड्याची उतरवलेली माळ दिंडीच्या पेटीत इतकी वर्षं पडून होती. गेल्या वर्षी ती आम्ही त्याच्या बायकोला नेऊन दिली. तिनं घेतली, आम्हाला पाणी दिलं. बोलली काही नाही.