घरच्या केकची कुळकथा

घोडनदीच्या काठी, शिरूर येथे, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी पडली, आणि पलटणीच्या सरबराईबरोबर भट्टी, पाव व केक या जिन्नसांची ओळखही या मुलखाला तेव्हाच झाली असावी. त्या फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरासच निवर्तला. त्याच्या थडग्याशी आसपासचे लोक सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य आणीत आणि त्याला सत्पुरुष मानीत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात सापडते. परक्या माणसाला ज्यांनी नैवेद्याचा अधिकार दिला, त्यांनी परक्या पक्वान्नाला पुढे आपल्या स्वयंपाकघरात जागा दिली, याचे मला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते याचे, की त्याला शंभराहून अधिक वर्षे लागावीत.

पुढे याच जिल्ह्यातल्या दौंडास रेल्वे आली, १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू होऊन ते मोठे जंक्शन झाले, आणि रेल्वेच्या वसाहतीत नाताळाचा केक करणारी अँग्लो-इंडियन कुटुंबे राहू लागली. तरीही गावातल्या चुलीपर्यंत तो पदार्थ आला नाही, कारण वाटेत तीन अडथळे होते: मेहनत, भट्टी आणि अंडे.

मेहनतीचा अडथळा विलायतेतच दूर झाला. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेने १७४७ च्या आपल्या पाकग्रंथात केकचे मिश्रण हाताने अथवा मोठ्या लाकडी पळीने तासभर फेटावे असे सांगितले आहे; केक फुगे तो फेटताना आत कोंडलेल्या हवेने, आणि आज आपल्या वाढदिवसाचा केक आईबरोबर स्वतः करणाऱ्या लहान मुलाच्या मनगटात एवढे बळ कोठून असणार? पुढे बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञाने, आपल्या पत्नीला यीस्ट सोसत नाही म्हणून, १८४३ मध्ये बेकिंग पावडर सिद्ध केली. मनगटाचे काम सोड्याने आणि आम्लाने आपल्याकडे घेतले, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला पातेल्याशी बसण्याचा हक्क मिळाला तो या शोधामुळे. आईच्या मायेचे श्रेय मी कमी करीत नाही. पण ज्या मायेला साधनाची जोड मिळत नाही, तिला मुलाला दूर बसविण्यावाचून गत्यंतर नसते.

भट्टीचा प्रश्न आपल्या लोकांनी आपल्या रीतीने सोडविला. कोकणात आणि गोव्यात काकडीची तवसोळी झाकणावर निखारे ठेवून, वरून आणि खालून आच देऊन, केव्हापासून भाजली जात होती. देशावरच्या गावांतून रवा, तूप आणि साखर घरून नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणण्याचा दिवाळीचा रिवाज होता, आणि पत्र्याच्या डब्यावर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी असे. पुढे १९५९ च्या सुमारास देशी बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले. गृहिणींनी त्यांची शिटी आणि रिंग काढून ठेवली, तळाशी वाळू अथवा मीठ पसरले आणि त्यावर केकचा डबा ठेवला. ज्या भांड्याचा सारा लौकिक वाफ कोंडण्यावर उभा होता, त्यातून वाफ हद्दपार करून त्याची कोरडी भट्टी करणे, ही मला अस्सल कारागिरी वाटते. काचेची खिडकी असलेले अॅल्युमिनियमचे गोल ओव्हन त्यानंतर घरोघर दिसू लागले.

राहिले अंडे. दौंड तालुक्यातल्या केडगावी ज्यांचे मुक्ती मिशन आहे, त्या पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ इंग्लंडात राहिल्या, तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु शाकाहार सोडला नाही. धर्म बदलूनही ज्या निष्ठेला धक्का लागला नाही, ती निष्ठा एका पक्वान्नासाठी सामान्य घरांनी का सोडावी? उत्तर निघाले ते दह्यातून. दह्याचे आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. आटवलेल्या दुधाच्या डब्यानेही पुष्कळ घरांत अंड्यावाचून केक करणे सोपे केले.

केकवरच्या मेणबत्त्यांचा रिवाज जर्मनीतला. काउंट झिंझेनडॉर्फ याच्या १७४६ च्या वाढदिवसाच्या केकवर त्याच्या वयाइतक्या मेणबत्त्या लावल्याचे वर्णन उपलब्ध आहे. आपल्याकडे वाढदिवसाला पाटावर बसणे, निरांजन आणि सुपारीने ओवाळून घेणे, वडिलांना नमस्कार करणे एवढेच मुलाचे काम होते. समारंभ त्याचा, पण श्रम सर्वस्वी इतरांचे. केकने हा क्रम पालटला. ज्याचा वाढदिवस तोच मैदा चाळतो, डब्याला तुपाचा हात फिरवून त्यावर पीठ भुरभुरवतो, दह्यात सोडा पडताच उठणारा फेस डोळे विस्फारून पाहतो. औक्षण आजही पाटावरच होते आणि तेही आधी; केक नंतर.

मुलाला सर्वांत कठीण जाते ते केक भाजताना झाकण न उघडणे. ही सक्ती निव्वळ धाकाची नव्हे: बुडबुडे फुगलेले असतात, पण त्यांना धरून ठेवणारा पिठाचा सांगाडा अद्याप घट्ट झालेला नसतो, आणि मध्येच थंड हवा शिरली तर केक खाली बसतो. हे कारण मुलाला सांगावे. ते सांगितल्यावर मूल थांबते.

अलीकडे काही घरांत मैद्याऐवजी कणीक आणि साखरेऐवजी दौंड तालुक्यातल्याच गुऱ्हाळाचा गूळ घालतात. असा केक रंगाने काळसर होतो आणि थोडा कमी फुगतो, परंतु उसाच्या या मुलखात त्याला जी खमंग चव येते ती दुकानातल्या मलईच्या केकला येत नाही, असे माझे ठाम मत आहे. गूळ मात्र आदल्या रात्री किसून ठेवावा, आणि तो मुलाकडून किसून घ्यावा.