पोलिओचे दोन थेंब आणि लोकांचा विश्वास : पश्चिम उत्तर प्रदेशचा अनुभव

भारतातील पोलिओ निर्मूलन ही यशोगाथा म्हणून शिकवली जाते. मात्र लसीकरण धोरण आणि लोकांचा विश्वास यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर त्यातील नकाराचा टप्पा अभ्यासणे आवश्यक आहे.

पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये देशभर सुरू झाली. तरीही २००२ मध्ये देशात १६०० रुग्ण आढळले आणि त्यांपैकी १२४२ एकट्या उत्तर प्रदेशातील होते. मुरादाबादसारख्या पश्चिमेकडील जिल्ह्यांत, विशेषतः गरीब मुस्लिम वस्त्यांत, काही कुटुंबे लस नाकारत होती. या लसीमुळे मुले पुढे वंध्य होतील, अशी अफवा पसरली होती.

ही अफवा केवळ अज्ञानातून आलेली नव्हती. आणीबाणीच्या काळात याच प्रदेशाने सक्तीची नसबंदी अनुभवली होती आणि १९७६ मध्ये मुजफ्फरनगरला तिच्या विरोधकांवर गोळीबारही झाला होता. शिवाय ज्या वस्तीत स्वच्छ पाणी, गटारे आणि दवाखाना यांची वानवा, तिथे सरकार एकाच लसीसाठी वारंवार दारात का येते, हा प्रश्न रास्त होता. त्यात भर म्हणजे दाट वस्ती आणि अतिसाराचे प्रमाण अधिक असलेल्या या भागात तोंडावाटे दिलेल्या लसीचा परिणाम कमी होत असे. अनेक डोस घेतलेल्या मुलालाही पोलिओ झालेला लोक पाहत होते. अशा वेळी अविश्वासाला अनुभवाचाही आधार मिळत होता.

त्यामुळे उपायही दुहेरी करावा लागला. युनिसेफच्या साहाय्याने त्याच वस्तीतील स्त्रिया घरोघरी जाऊन पालकांशी बोलू लागल्या. मशिदींचे इमाम, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया यांचे सहकार्य घेण्यात आले. पुढे अतिजोखमीच्या भागांत लसीसोबत स्वच्छता, स्तनपान आणि अतिसारावरील उपचार यांवरही भर दिला गेला. दुसरीकडे लसही सुधारली. २०१० मध्ये अधिक परिणामकारक द्विसंयुजी लस वापरात आली. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

या अनुभवातून एक निष्कर्ष निघतो. लसीवरचा विश्वास शासनाच्या एकूण वर्तनापासून वेगळा काढता येत नाही. लस नाकारणारा पालक बहुधा लसीइतकाच ती घेऊन येणाऱ्या व्यवस्थेचाही हिशेब मांडत असतो.