एकसरच्या दगडातली हवा

बोरिवली पश्चिमेला एकसर गावात, इमारतींच्या दाटीत, माणसाच्या डोक्यावर जाणारे काही दगड उभे आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांची सविस्तर नोंद आहे : सहा वीरगळ, त्यांतले मोठे दहा फुटांच्या आसपास. वीरगळ खालून वर वाचतात. तळाला लढाई, तिच्यावर मरण, मग अप्सरांनी वीराला वर नेणं आणि शेवटी शिवाची पूजा. एकसरचं वेगळेपण असं की काही दगडांवरची लढाई समुद्रातली आहे. उंच नाळेची गलबतं रांगेत निघालेली, डोलकाठी, एका बाजूला नऊ वल्ही, आणि वर धनुष्यं ताणून उभी असलेली माणसं.

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. अकरावीचा प्रोजेक्टाइलचा धडा आला की मला फळ्यापेक्षा हे दगड जास्त आठवत. शिल्पकाराने धनुर्धर कोरला, समोरचा शत्रूही कोरला, आणि दोघांमध्ये जेमतेम हाताचं अंतर ठेवलं. दगडात जागाच तेवढी. बाण सुटला कसा आणि लागला कुणाला हे दिसतं. मधली हवा तेवढी राहून गेली, आणि खरी लढाई त्या हवेत झाली होती.

ही लढाई कोणती? शिलालेख झिजला आहे. अक्षरांच्या वळणावरून कुणी तो अकराव्या शतकातला मानतात. दुसरं मत असं की हा १२६५ च्या सुमाराचा प्रसंग : देवगिरीचा महादेव यादव हत्ती घेऊन कोकणात उतरला, आणि ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर गलबतं घेऊन समुद्रात गेला. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, महादेवाच्या पदरी होता. सोमेश्वर समुद्रात बुडाला हे त्याने लिहून ठेवलं आहे. वीरगळांवर हत्तीही आहेत, गलबतंही आहेत, म्हणून माझं मन या दुसऱ्या मताकडे झुकतं.

आता त्या गलबतावरच्या धनुर्धराचा विचार करा. समोरचं गलबत साठ मीटरवर आहे. चांगल्या ताणाच्या धनुष्यातून बाण सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने सुटतो, म्हणजे तिथवर पोचायला त्याला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तो साताठ मीटर खाली येतो, दुमजली चाळीच्या उंचीइतका. म्हणजे शत्रूच्या छातीवर नेम धरायचा तर त्याच्या डोक्याच्याही बऱ्याच वरचं आभाळ लक्ष्य करायचं. पायाखालचं गलबत त्याच वेळी लाटेवर वर-खाली होतंय, वारा बाजूने लागतोय, आणि पलीकडचा माणूसही हलतोय. हे गणित त्या माणसाच्या खांद्यात होतं.

आणि ते नुसतं खांद्यातच होतं असंही नाही. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत बाणाचाच दाखला आहे. दोरीच्या रेट्याने बाणाला पहिली गती मिळते, त्या गतीतून त्याच्यात संस्कार उतरतो, त्या संस्कारामुळे पुढची गती, आणि संस्कार सरला की गुरुत्वामुळे पतन. पुढे प्रशस्तपादाने असंही म्हटलं की स्पर्श असलेल्या द्रव्याशी गाठ पडली की हा वेग नष्ट होतो. वायू हे त्या दर्शनात स्पर्श असलेलंच द्रव्य. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रक्षेपणाचा मार्ग पॅराबोला असल्याचं दाखवलं, ते हवेचा अडथळा बाजूला ठेवून. कणादाकडे त्याची भूमिती नव्हती, हे खरं. पण बाण सुटल्यावर त्याला पुढे कोण नेतं, या प्रश्नावर ॲरिस्टॉटल मागून ढकलणाऱ्या हवेकडे बोट दाखवत होता, आणि आपल्याकडे उत्तर बाणातच शोधलं गेलं. वर्गात हे सांगताना माझा आवाज नेहमीच जरा चढायचा.

बाणाला पिसं का लावतात, हे मला पुस्तकाने नीट शिकवलं नाही. ते नॅशनल पार्कातल्या एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी शिकवलं. त्यांच्याकडे वडिलांचा तिरकामठा होता. बांबूच्या काडीला ते दोऱ्याने पीस बांधत होते. दोरा एका हातात ताणलेला, दुसऱ्या हाताने काडी फिरवत, वेढ्याला वेढा चिकटून. मी विचारलं, बाबा, पिसं नसली तर? ते म्हणाले, "मास्तर, मग ती नुसती काडी. फेकून बघा."

त्यांनी दोन बाण दिले, एक पिसांचा, एक बोडका. मी ते पहाटे गोराईच्या ओसाड किनाऱ्यावर नेऊन सोडले. बोडका बाण वीसेक पावलांवरच आडवा झाला आणि वाळूवर पसरला. पिसांचा बाण साठ पावलांपलीकडे टोकावर उतरला आणि रुतून उभा राहिला. शेंडा जड, मागे पिसं. बाण जरा तिरका झाला की हवा त्या पिसांना धरते आणि शेपूट पुन्हा रेषेत आणते. म्हणजे जी हवा त्याचा वेग खाते, तीच त्याला सरळही ठेवते. इतकी वर्षं फळ्यावर ‘हवेचा विरोध नगण्य मानू’ असं मी लिहीत आलो होतो. त्या पहाटेनंतर ते लिहिताना खडू अडायचा.

परवा पुन्हा एकसरला गेलो. वीरगळांची गावकरी देव म्हणून पूजा करतात, आणि म्हणूनच ते आजवर उभे आहेत. याबद्दल मी गावाचा ऋणी आहे. पण रंगाच्या थरांखाली बारीक कोरीवकाम बुजतं, याची फार काळजी वाटते. एका दगडावर चार गलबतांनी एका गलबताला घेरलंय. तिथे मी वाकून बराच वेळ पाहत राहिलो. बाणांच्या वाटेतली हवा शिल्पकाराला दाखवता आली नाही, हे मी इतकी वर्षं सांगत आलो. पण त्या घेरलेल्या गलबतावरून माणसं समुद्रात पडताहेत. ती अजून पाण्याला लागलेली नाहीत.